चादरीची कड

आईचे शब्द गेले त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला, उजवा हात आणि पाय लुळा पडला आणि बोलणंही गेलं. तिला समजायचं सगळं. पण तोंडातून यायचा तो एकच हुंकार, ‘हो’ म्हणायला तोच आणि ‘नको’ म्हणायलाही तोच. डाव्या हातानं ती चादरीची कड चोळत राहायची. मला वाटायचं, रिकाम्या हाताला चाळा.

तिला जिथे ठेवलं होतं तिथल्या एका सिस्टरनी दुसऱ्याच महिन्यात मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “ताई, आजी कड नुसती चोळतात तेव्हा त्यांना लघवीला लागलेली असते. आणि कड मुठीत गोळा करून धरतात तेव्हा खांदा दुखत असतो. दोन्ही वेगळं आहे, बघा तुम्ही.” मी दोन दिवस नीट पाहिलं. वेगळं होतं. मी तिची पोटची मुलगी, जवळ बसून तासन् तास तिच्याकडे बघणारी, आणि मला ते दिसलं नव्हतं.

अशा जागेला मराठीत धड नाव नाही. वृद्धाश्रम म्हणावं तर हिंडतीफिरती माणसं डोळ्यांपुढे येतात. नर्सिंग होम म्हटलं की लोक विचारतात, ऑपरेशन कसलं? रुग्णालयातून माणूस बरा होऊन घरी जातो, निदान त्या आशेवर तिथे सगळं चालतं. आईसारख्यांचं बरं होणं जेवढं व्हायचं तेवढं झालेलं असतं. पुढची दोन, चार, कधी दहा वर्षं कुणीतरी त्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं, आणि हे करता करता लक्ष ठेवायचं. मी त्या जागेला नुसतं ‘केंद्र’ म्हणेन.

या लक्ष ठेवण्याबद्दल फार गैरसमज आहे. केंद्रातली नर्सिंगची नोकरी म्हणजे हलकी नोकरी, असं नर्सिंगच्याच क्षेत्रातली माणसंही बोलताना मी ऐकली आहेत. अतिदक्षता विभाग नाही, ऑपरेशन थिएटर नाही, धावपळ कसली? पण रुग्णालयात डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो. केंद्रात तो ठरल्या वारी येतो. मधल्या वेळात निर्णय सिस्टरचा. म्हातारं माणूस आज गप्प का आहे, कालपेक्षा जास्त का बरळतंय, घास गालात का धरून ठेवतंय? म्हाताऱ्या शरीरात लघवीचा संसर्ग कित्येकदा तापाशिवाय येतो, नुसता गोंधळलेपणा घेऊन. गिळायला त्रास असलेल्या माणसाला घाईनं भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. म्हणून आईला एका जेवणाला चाळीस मिनिटं लागत. कुठली गोळी कुटून द्यायची आणि कुठली कुटली तर घातक ठरेल, हे बत्तीस जणांचं डोक्यात ठेवायचं. आणि हे सगळं ज्यांना स्वतःचं दुखणं सांगता येत नाही, अशा माणसांच्या बाबतीत. रुग्णालयातला रोगी सांगतो, इथे ओळखावं लागतं. ओळखायला माणूस ओळखीचं व्हावं लागतं, आणि त्याला महिने लागतात.

त्या सिस्टर तिथे सव्वादोन वर्षं होत्या. मग एके दिवशी म्हणाल्या, “ताई, या महिन्याअखेर मी चाललेय.”

मी विचारलं, का? त्यांनी सरळ सांगितलं. मोठ्या रुग्णालयात जागा मिळाली होती. पगार इथल्या दीडपट. शिक्षण तेच, नोंदणी तीच, परीक्षा तीच दिलेली. इथे दोन वर्षांत वाढ झाली नव्हती. आठवड्याची सुट्टी पुष्कळदा हुकायची, कारण बदली यायचं माणूस नसायचं. ड्यूटी संपल्यावर हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला माहिती देणं, आणि नोंदी लिहिणं यात रोज पाऊण तास जायचा, तो कुठेच मोजला जात नसे. धाकटीची फी होती.

मला राग आला. आज लिहिताना हात अडखळतो, पण आला. मनात म्हटलं, शेवटी पैशासाठीच ना? सव्वादोन वर्षं मी या बाईंना देवमाणूस म्हणत होते. तुमच्यासारख्या तुम्हीच, तुमचे उपकार फिटायचे नाहीत, असं किती वेळा म्हटलं असेन. या सगळ्या काळात त्यांना पगार किती मिळतो हे एकदाही विचारलं नव्हतं. रात्रपाळीत त्या किती जणांना बघतात, हेसुद्धा नाही.

जाताना त्यांनी एक कागद लिहिला आणि आईच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. बारीक, सरळ अक्षर. कड चोळली तर लघवी. कड मुठीत धरली तर उजवा खांदा, उशी द्या. चमचा डाव्या बाजूनं. गिळल्यावर थांबा, दुसऱ्यांदा गिळतात. दिवा एकदम लावू नका, दचकतात. अशा अकरा ओळी.

त्यांच्यानंतर सात महिन्यांत चार सिस्टर आल्या आणि गेल्या. एक चांगली, शांत मुलगी होती, ती सर्वांत आधी गेली. दुसरी आठवड्यातले काही दिवस इथे आणि काही दिवस दुसऱ्या केंद्रात काम करायची, कारण एका पगारात भागत नव्हतं. मध्ये काही दिवस एजन्सीकडून रोज नवी सिस्टर यायची. एजन्सी केंद्राकडून कायम माणसाच्या पगारापेक्षा जास्त पैसे घेते, हे मला नंतर कळलं. म्हणजे पैसा नव्हता असं नाही. राहणाऱ्या माणसासाठी नव्हता.

आईला ताप आला तेव्हा मला रात्री तिच्याजवळ बसायची परवानगी मिळाली. खुर्ची होती, झोप नव्हती, वही होती. मी हिशेब मांडायला लागले.

मजल्यावर बत्तीस खाटा, एक सिस्टर, दोन मावशी. रात्री दहा ते सकाळी सहा, म्हणजे ४८० मिनिटं. बत्तीसनं भागलं तर सिस्टरची माणशी पंधरा मिनिटं, तीही तिनं पाणी प्यायचं नाही, स्वच्छतागृहात जायचं नाही आणि एक अक्षर लिहायचं नाही, असं धरलं तर. अंथरुणाला खिळलेले अकरा जण. त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, म्हणजे रात्रीत चार वेळा, एकूण ४४ वेळा. एका माणसाला नीट वळवायला दोघी लागतात आणि पाच मिनिटं लागतात. झाली २२० मिनिटं. दोन्ही मावशींची जवळजवळ निम्मी रात्र नुसती कूस बदलण्यात गेली. उरलेल्या वेळात कुणाचं अंथरूण भिजायचं, कुणी उठून चालायला लागायचं, कुणी घाबरून हाका मारायच्या, या सगळ्याला त्याच दोघी.

त्या रात्री पावणेतीनच्या सुमाराला पलीकडच्या खोलीत एक आजोबा पडले. कपाळ फुटलं. सिस्टर त्यांच्यापाशी गेल्या त्या दीड तास तिथेच अडकल्या. रक्त थांबवणं, डॉक्टरांना फोन, मुलाला फोन, दर थोड्या वेळानं नाडी आणि डोळ्यांच्या बाहुल्या बघणं. एक मावशी त्यांच्याबरोबर. दुसरी एकटी, एकतीस माणसांना. चार वाजता आईची कूस बदलायची होती, कुणी आलं नाही. मी एकटीनं, जमेल तशी, पाठीमागे उशी खुपसून तिला वळवलं. तिनं चादरीची कड मुठीत धरली.

सकाळी कूस बदलल्याच्या नोंदींचा तक्ता बघितला. चार वाजताच्या चौकटीत बरोबरची खूण होती. खाली आद्याक्षरं.

या खुणेचा मी पुढे फार विचार केला. खोटी होती, यात शंका नाही. पण त्या तक्त्यात दुसरं काही लिहायला जागाच नव्हती. ‘केलं’ किंवा ‘रोग्यानं नकार दिला’ एवढे दोनच पर्याय. ‘माणूस नव्हतं म्हणून झालं नाही’ अशी चौकट कुणी आखलीच नव्हती. रिकामी जागा सोडली तर सकाळी जाब विचारला जाणार आणि जाब देणारी एकटी सिस्टर. मग ती खूण करते. वर बसलेल्यांना अकराही माणसांची कूस बरोबर वेळेवर बदललेली दिसते, आणि एक सिस्टर पुरते यावर त्यांचा विश्वास बसतो.

तीन आठवड्यांनी आईच्या माकडहाडावर लाल डाग दिसला. मग कातडी गेली. बेडसोअर, एकाच जागी दाब पडत राहून होणारी जखम.

मी तक्रार केली. चार पानी. आणि पुरावा म्हणून त्या रात्रीचा तक्ता जोडला. चार वाजताची खूण खोटी आहे, मी स्वतः जागी होते, असं लिहिलं. व्यवस्थापनानं तत्परतेनं दखल घेतली, म्हणजे आद्याक्षरं जिची होती तिच्याकडून खुलासा मागवला. पंधरा दिवसांत ती सिस्टर सोडून गेली. मजल्यावर रात्री आता एजन्सीची सिस्टर आली, खाटा बत्तीसच राहिल्या. माझ्या चार पानांत ‘रात्री एक सिस्टर पुरत नाही’ हे वाक्य कुठेच नव्हतं. तो हिशेब माझ्याच वहीत होता, अलीकडच्या पानावर, आणि मी तो जोडला नाही. मला त्या वेळी गुन्हेगार हवा होता, आणि तक्त्यावर एक नाव होतं. त्या मुलीची क्षमा मागायला मला ती पुन्हा भेटली नाही.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागले. आधी वाटलं होतं की आपलं केंद्रच वाईट. वाचत गेले तसं लक्षात आलं की जगातल्या श्रीमंत देशांनाही हे कोडं सुटलेलं नाही, आणि कोड्याचं उत्तर मात्र बऱ्याच आधीपासून ठाऊक आहे.

अमेरिकेत २००१ साली सरकारनंच करवलेल्या अभ्यासाचा अहवाल तिथल्या संसदेपुढे आला. दीर्घकाळ राहणाऱ्या माणसाला नर्सेस आणि मदतनीस मिळून दिवसाला सुमारे ४.१ तास मिळाले नाहीत, तर त्याची काळजी ढासळण्याचा धोका वाढतो, असं त्यात होतं. यानंतर देशभरासाठी आकडा ठरायला २०२४ उजाडलं, आणि ठरला तोही ३.४८ तास. त्यात नोंदणीकृत नर्सचा वाटा ०.५५ तास, म्हणजे तेहेतीस मिनिटं, आणि चोवीस तास एक नोंदणीकृत नर्स हजर हवी ही अट. केंद्रचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. माणसं मिळत नाहीत, पैसे पुरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. २०२५ मध्ये टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयानं या अटी रद्द केल्या आणि त्याच वर्षी संसदेनं कायदा करून अंमलबजावणी २०३४ पर्यंत थांबवली. माणसं मिळत नाहीत हे खरंच आहे. पण का मिळत नाहीत, हा प्रश्न तिथेच सोडून दिला की ते वाक्य फार सोयीचं होतं.

त्याच देशातल्या एका अभ्यासानं मला हादरवलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेला, पगारपत्रकांतल्या नोंदींवरून केलेला. केंद्रांमधल्या नर्सिंगच्या माणसांची सोडून जाण्याची सरासरी वर्षाला १२८ टक्के. हा आकडा मी दोनदा वाचला. शंभर जागा असतील तर वर्षात १२८ वेळा कुणीतरी निघून जातं. मला कपाटाच्या दाराचा कागद आठवला. असे किती कागद कुणी लिहिलेच नसतील? सात महिन्यांत चार सिस्टर, हे आमचं दुर्दैव नव्हतं तर.

अशाच नोंदींवरून २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली होती: शनिवार-रविवारी माणसं कमी होतात आणि तपासणीच्या सुमाराला वाढतात. हे कळायला मला अभ्यास लागला नसता. आमच्याकडे तपासणीच्या दिवशी कधी न पाहिलेले चेहरे मजल्यावर हिंडत असत, आणि त्या दिवशी आईचं जेवण खरोखर चाळीस मिनिटं चाले.

पहिल्या लाटेत कॅनडात करोनाचे जेवढे मृत्यू नोंदले गेले, त्यातले सुमारे ऐंशी टक्के अशा केंद्रांमधल्या माणसांचे होते. कारणं अनेक. त्यातलं एक म्हणजे आमच्या दुसऱ्या सिस्टरसारख्या बायका. अर्धवेळ नोकरी, तुटपुंजा पगार, म्हणून दोन-तीन ठिकाणी काम, आणि त्यांच्याबरोबर आजारही एका दारातून दुसऱ्या दारात. मार्च २०२० मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं हुकूम काढला की एका माणसानं एकाच केंद्रात काम करायचं. हुकूम निभावून नेण्यासाठी त्यांना पगार वरच्या पातळीवर एकसारखे करावे लागले. इतकी वर्षं जे परवडणारं नव्हतं ते काही आठवड्यांत करता आलं.

पगार कमी का, याची एक सरळ आर्थिक बाजू आहे. रुग्णालयाला शस्त्रक्रियेचे, तपासण्यांचे पैसे मिळतात. केंद्राला मिळते माणशी ठरावीक रक्कम, मग ती सरकार देवो, विमा देवो की घरची माणसं देवोत. खर्चात सर्वांत मोठा वाटा पगारांचा. वीजबिल कापता येत नाही, औषधं कापता येत नाहीत, मग कात्री लागते ती पगाराला किंवा डोक्यांना. विकसित देशांच्या ‘ओईसीडी’ या संघटनेनं २०२० मध्ये जी तुलना मांडली, तीत दीर्घकालीन काळजीत काम करणाऱ्यांचा मध्यम पगार तासाला ९ युरो होता आणि रुग्णालयात साधारण तसंच काम करणाऱ्यांचा १४ युरो. आमच्या सिस्टरनी सांगितलेलं ‘दीडपट’ मला त्या दोन आकड्यांत पुन्हा भेटलं.

पण दुसरी बाजू मला जास्त टोचते, कारण तीत मी आहे. काळजीचं काम घरात बायका फुकट करत आल्या, म्हणून बाहेरही ते जवळपास फुकटच असावं, अशी आपली मनोमन समजूत असते. आपल्या भाषेतच बघा. नर्स ‘सेवा’ करते, अभियंता ‘नोकरी’ करतो. ‘व्रत’, ‘वसा’, ‘माया’, ‘त्याग’ हे शब्द आपण सिस्टरपुढे ओंजळभर ठेवतो. माया होती त्या बाईंच्या मनात, मी पाहिली आहे. पण चादरीची कड चोळण्यातला आणि मुठीत धरण्यातला फरक ओळखणं ही नुसती माया नव्हती, ते कसब होतं. माया तर माझ्याकडेही होती, मला दिसलं नव्हतं.

ऑस्ट्रेलियात हे निदान मान्य तरी झालं. वृद्धांच्या काळजीची चौकशी करणाऱ्या तिथल्या रॉयल कमिशननं २०१९ मध्ये अंतरिम अहवाल दिला त्याचं नावच ‘दुर्लक्ष’ होतं. पुढे वेतन ठरवणाऱ्या आयोगानं स्पष्ट म्हटलं की हे काम मुख्यतः बायका करतात म्हणून त्याचं मोल आजवर कमी धरलं गेलं, त्यातली कौशल्यं दिसेनाशी झाली. ३० जून २०२३ पासून प्रत्यक्ष काळजी घेणाऱ्यांचा किमान पगार १५ टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक केंद्रात चोवीस तास नोंदणीकृत नर्स हवी असा नियम आला. ऑक्टोबर २०२४ पासून माणशी रोज सरासरी २१५ मिनिटं काळजी मिळायला हवी, त्यातली ४४ मिनिटं नोंदणीकृत नर्सची. न्यूझीलंडमध्ये क्रिस्टिन बार्टलेट नावाच्या, वीसेक वर्षं केंद्रात काम केलेल्या मदतनीस बाईंनी बायकांचं म्हणून हे काम स्वस्त ठेवलं आहे, असा दावा लावला, आणि २०१७ मध्ये सरकारला हजारो जणींचे पगार वाढवणारा करार करावा लागला. तिकडे सगळं आलबेल झालं असं मी म्हणत नाही. न्यूझीलंड सरकारनं २०२५ मध्ये कायदा बदलून असे दावे लावणं पुन्हा अवघड केलं. पण पगार आणि माणसांची संख्या या दोन्ही गोष्टी ऑस्ट्रेलियानं एकदमच हातात घेतल्या, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. नुसती संख्या ठरवली आणि पगार तसाच ठेवला तर जागा रिकाम्या राहतात. नुसता पगार वाढवला आणि बत्तीस खाटा एकीच्याच गळ्यात ठेवल्या, तर ती थोडी उशिरा जाते, एवढंच.

२१५ मिनिटं. माझ्या वहीतली पंधरा मिनिटं फक्त सिस्टरची आणि फक्त रात्रीची होती, त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना होत नाही, मला कळतं. तरी मी ती मांडून बघितली. आईचं जेवण तीन वेळा, चाळीस-चाळीस मिनिटं, म्हणजे १२०. अंघोळ, कपडे, तोंड धुणं, पंचवीस. कूस बदलणं दिवसरात्रीत बारा वेळा, दोघींची पाच-पाच मिनिटं, म्हणजे पुन्हा १२०. इथेच २१५ संपली होती, आणि अजून तिला कुणी लघवीला नेलं नव्हतं, औषध दिलं नव्हतं, खांद्याखाली उशी सरकवली नव्हती. आणि त्याहून कमी मिनिटांत तीन वर्षं तिथल्या बायकांनी तिला जगवलं.

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिचं कपाट रिकामं करायला गेले. चार साड्या, चष्मा, जो ती वापरत नव्हती, माझ्या मुलीचा फोटो. दाराच्या आतला कागद तिथेच होता, कडा पिवळ्या पडलेल्या, चिकटपट्टी एका कोपऱ्यातून सुटलेली. अकरा ओळींच्या खाली आणखी काही ओळी होत्या, मी त्या कधी पाहिल्याच नव्हत्या. वेगवेगळी अक्षरं, वेगवेगळी शाई. ‘रात्री पाय गार पडतात, मोजे.’ ‘मुलीचं नाव घेतलं की घास पटकन गिळतात.’ एक ओळ मला ओळखता आली, तक्त्यावरची आद्याक्षरं जिची होती तिचं अक्षर: ‘चार वाजता जाग्या असतात, हात धरावा.’

सर्वांत शेवटी निळ्या पेननं, घाईत लिहिलेलं होतं: ‘डावी टाच, खाली उशी. लाल होतेय.’

मी ड्यूटीवरच्या सिस्टरना विचारलं, हे कुणी लिहिलंय? त्यांनी कागद उजेडात धरला, मावशींना दाखवला. मावशी म्हणाल्या, ती एजन्सीची असेल, गेल्या महिन्यातली. नऊ दिवस होती. नाव काही लक्षात नाही.